आकडा एकाने कमी झाला

सीमेवर लढाई पेटली त्या मे महिन्यात गडचांदूरचे पंखेसुद्धा गरम हवा फेकत होते. मी नागपूरच्या एका दैनिकाची तालुका वार्ताहर. एरवी माझ्या बातम्या म्हणजे सिमेंटची धूळ, बंद पडलेली नळयोजना, खाणीच्या रस्त्यावरचे खड्डे. लढाई सुरू झाली आणि डेस्कवरून दिवसाला चार-चार फोन येऊ लागले. प्रश्न एकच, "आपल्या जिल्ह्यातले किती?" किती जवान सीमेवर आहेत, किती जखमी, आणि मग आवाज जरा खाली आणून, "एखादा शहीद वगैरे?"

टीव्हीवर तर आकड्यांची जत्राच भरली होती. शत्रूचे जितके सकाळी मेले, दुपारी त्याच्या दुप्पट व्हायचे आणि संध्याकाळी दुसऱ्या वाहिनीवर त्याच्याही पुढे जायचे. आपले किती, ते कुणी सांगत नव्हतं. एका चर्चेत एका पाहुण्याने तेवढंच विचारलं, तर बाकीचे तिघे त्याच्यावर असे तुटून पडले की बिचाऱ्याचा माइकच बंद झाला.

माझे मामा हे सगळं बघत हसत बसायचे. मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, निवृत्त हवालदार. फौजेत त्यांनी बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. जुन्या एका लढाईत पलटणीतल्या मृत, जखमी आणि बेपत्ता जवानांच्या याद्या करायचं काम त्यांच्याकडे होतं. टीव्हीवरचा निवेदक आकडा ओरडला की मामा त्यालाच विचारत, "मोजले कोणं बापा? तू गेलता का मोजाले?"

त्या जुन्या लढाईत वरून सारखे फोन यायचे म्हणे, नंबर काय झाला, नंबर काय झाला. एकदा मामांनी साहेबाला सांगितलं होतं, "साहेब, माझ्याजवळ नंबर नाई, नावं हायेत. नावं पक्की होऊ द्या." त्याबद्दल मामांना बोलणी बसली. पण नाव पक्कं झाल्याशिवाय आणि घरी कळवल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून एकही कागद बाहेर गेला नाही.

लढाईच्या चौथ्या दिवशी सकाळी माझ्या व्हॉट्सॲपवर एक चित्र आलं. 'वीर सुपुत्र शहीद, भावपूर्ण श्रद्धांजली.' जवानाचा फोटो टपाल तिकिटाएवढा, आणि आमच्या भागातल्या पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो त्याच्या चौपट. जवान जिवतीच्या वाटेवरच्या एका डोंगरातल्या गावचा, गडचांदूरच्या कॉलेजात शिकलेला. पाठोपाठ एका वाहिनीवर खालच्या पट्टीत 'गडचांदूरचा जवान शहीद' असं पळू लागलं. लगेच डेस्कचा फोन, "अर्ध्या तासात पाठव. पहिल्या पानावर घेतो."

खरं सांगते, पहिलं पान म्हटल्यावर मला आनंद झाला. सहा वर्षांत माझी एकही बातमी पहिल्या पानावर गेली नव्हती. मी लिहायलाही बसले. 'अत्यंत हुशार विद्यार्थी' इथपर्यंत पोचले आणि हुद्दा नीट कसा लिहायचा ते विचारायला मामांना फोन लावला.

मामांनी हुद्दा सांगितला नाही. म्हणाले, "घरी कळवलं का?"

"कळवलंच असेल ना. सगळीकडं आलं आहे."

"सगळीकडं आलं मंजे घरी कळवलं असं नाई होत पोरी. ठाण्यात इचार."

ठाण्यात काही माहिती नव्हती. जिल्ह्याच्या सैनिक कार्यालयातल्या माणसाने तर मलाच विचारलं, "तुम्हाला कुठून कळलं?" मी मामांना हे सांगितलं, तर पंधरा मिनिटांत ते डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून दारात उभे. "काढ स्कूटी."

आम्ही घाट चढलो. गाव दिसू लागल्यावर मामांनी गाडी थांबवायला लावली, दुपट्ट्याखालची आपली फौजी टोपी काढली आणि डिकीत टाकली. "टोपी पाहूनच समजते घरच्याईले," एवढंच म्हणाले.

जवानाची माय अंगणातल्या मांडवाखाली बसून तेंदूपत्त्याचे पुडे बांधत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. ते तिच्या हातांवरूनच कळत होतं. पानं सरळ करायची, गठ्ठा जमवायचा, दोरी ओढायची, सगळं कसं निवांत.

"या जी. कुठून आले?" तिने विचारलं.

"मी बी फौजेतला हाये बाई," मामा खाली बसत म्हणाले. "इकडून चाललो होतो, म्हटलं आपल्या गड्याच्या घरचं पाणी पिऊन जावं. पोराचा फोन येते का?"

"चार दिस झाले, नाई आला. तिकडं सगळ्याईचे फोन बंद करून ठेवले म्हन्ते. पोरगी रोज टेकाडावर जाऊन बसते फोन घेऊन. गावात रेंज कुठी हाये?"

मामा पाणी प्यायले, त्यांनी पुड्यांची तारीफ केली आणि "मले बी एक फोन लावाचा हाये" म्हणून टेकाडाकडे निघाले. मी मागोमाग. टेकाडावर मोहाच्या झाडाखाली पोराची बहीण फोन मांडीवर ठेवून बसली होती. तिच्यापासून दूर जाऊन मामांनी आपल्या पलटणीतल्या एका जुन्या ओळखीच्या सुभेदाराला फोनवर गाठलं आणि पोराबद्दल विचारलं. पलीकडून सुभेदार म्हणाला की असं काही सांगायचा त्याला अधिकार नाही. मग म्हणाला, "पण तू आहेस तिथंच बस."

आम्ही बसलो. डेस्कचे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अचानक ती पोरगी उभी राहून गावाकडे तोंड करून ओरडली, "माय वं! दादाचा फोन आला! दादाचा फोन!"

माय धावत टेकाड चढली. पोरीने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून पोरगा घाबऱ्या आवाजात विचारत होता, "माय, काय झालं? साहेब म्हणाले ताबडतोब घरी फोन लाव. तू बरी हायेस ना?"

"मले काय धाड भरली?" माय धापा टाकत म्हणाली. "तू काय करून राह्यला?"

"लंगरमधी ड्यूटी हाये. सकाळपासून आलू सोलून राह्यलो."

मी आणि मामा एकमेकांकडे बघून असे हसू लागलो की बहिणीला वाटलं, आम्हाला ऊन लागलं. मग मामांनी माय-लेकीला खाली बसवून खरं काय ते सांगितलं. मायने क्षणभर पदर तोंडाशी धरला. मग मामांच्या पाठीत एक जोरात थापटी मारली. "आधी काऊन नाई सांगितलं?"

"आधी काय सांगू बाई? मलेच कुठी माहीत होतं?"

तेवढ्यात खाली रस्त्यावर धूळ उठली. तीन गाड्या. पुढाऱ्याची मंडळी पुष्पचक्र, हार आणि भलामोठा फलक घेऊन आली होती. मामा टेकाड इतक्या वेगाने उतरले की मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी वाटली. गावाच्या तोंडाशीच त्यांनी गाडी अडवली.

"भाऊ, पोरगा जिता हाये. आत्ताच बोलला."

पुढाऱ्याचा चेहरा आधी उजळला. नंतर त्याला मागच्या गाडीतली फुलं आठवली असावीत. "पण टीव्हीवर तर..."

"टीव्हीवाल्याईनं तुमचं चित्र पाहून लावलं. तुमी काय पाहून लावलं?"

पुढाऱ्याच्या सहायकाने मान खाली घालून मोबाईल दाखवला. दुसऱ्याच राज्यातल्या चांदूर नावाच्या गावचा, आमच्या पोराच्याच नावाचा जवान जखमी झाला होता. कुणीतरी चांदूरचं गडचांदूर केलं, पुढच्याने जखमीचं शहीद केलं. दुसऱ्या कुणी आधी श्रद्धांजली वाहू नये म्हणून यांनी घाई केली.

"मग आता या हारांचं काय करू?" पुढाऱ्याने अगदी मनापासून विचारलं.

"पुष्पचक्र गाडीतच राहू द्या. हार मायच्या गळ्यात घाला. पण पहिले तो फलक गुंडाळा."

माणूस हुशार. पाच मिनिटांत तो मायच्या पाया पडला, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर 'वाघाची आई' म्हणून छान बोलला आणि गावाला मोबाईल टॉवरचं आश्वासन देऊन गेला. त्या वाहिनीला मी स्वतः फोन केला. तासाभराने पट्टी गुपचूप बदलली. जिल्ह्याचा आकडा एकाने कमी झाला. कसा, ते कुणी सांगितलं नाही.

माझ्या डेस्कचं म्हणणं होतं, "जिवंत आहे, यात बातमी काय?" मी वाद घातला. शेवटी पाचव्या पानावर सात ओळी आल्या. त्यातही त्या चांदूरच्या जवानाची तब्येत सुधारत असल्याची एक ओळ मी भांडून ठेवून घेतली.

दिवाळीनंतर पोरगा सुट्टीवर आला तो मायने दिलेली तुरीची डाळ घेऊन थेट माझ्या घरी. लाजत म्हणाला, "ताई, माझ्यावर काय लिवलं होतं ते पाहू द्या ना." ती अर्धी बातमी अजून मोबाईलमध्ये होती. त्याने गंभीरपणे वाचली आणि एका जागी बोट ठेवलं. "हे 'अत्यंत हुशार विद्यार्थी' काढून टाका. गणितात दोनदा नापास झालो मी. आख्ख्या कॉलेजले माहीत हाये."

मी ती बातमी त्याच्यासमोरच पुसून टाकली आणि पोहे करायला उठले. मामाही आले. पोरगा त्यांच्या शेजारी बसून हळूच म्हणाला की राजुऱ्याकडे मुलगी बघायला जायचं आहे, वडील नाहीत, बोलणी करायला कुणी मोठं माणूस हवं. मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "कवा जाचं?"

रविवारी दोघं गेले. मुलीकडच्यांनी मामांना विचारलं, पोराचं शिक्षण कसं काय? मामांनी गणिताचंही सांगून टाकलं. मुलगी गणिताचीच पदवीधर निघाली आणि हसतहसत हो म्हणाली.