नाथाजींना न आठवणारी लढत

कडेगावच्या वेशीबाहेर, जिथं पूर्वी उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त व्हायच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाथाजी घार्गे वस्तादांचा बॉक्सिंगचा वर्ग भरायचा. वस्ताद पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, वय बासष्ट, मान अजून खांबासारखी. त्यांच्या वर्गात एक रीत होती. ठोसा ज्याला बसेल त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "न्हाई लागलं." नाकातून रक्त आलं तरी आधी "न्हाई लागलं", मग रुमाल. रस्त्यानं जाणाऱ्याला आतून सारखं ऐकू यायचं: धप्, न्हाई लागलं, धप्, न्हाई लागलं. डेअरीला दूध घालायला निघालेले गडी हसायचे. "चाललाय बगा घार्ग्यांचा हरिपाठ."

नवीन मूल आलं की वस्ताद त्याला आपली पलटणीतली लढत सांगायचे. पस्तीस वर्षांपूर्वीची.

"समोरचा गडी रेड्यावानी. दुसऱ्या फेरीत जबड्यावर असा बसला, की दिवसा चांदण्या. पर म्या गुडघा टेकला न्हाई. तिसऱ्या फेरीत त्यालाच झोपिवला."

पोरांना ती गोष्ट पाठ होती. साक्षीला तर हातवाऱ्यांसकट. साक्षी सतरा वर्षांची, जयराज यादवांची मुलगी. जयराज ऊस पिकवणारे, त्याआधी मैदानं मारलेले पैलवान. मुलगी कुस्तीत न जाता बॉक्सिंगमध्ये गेली याचं त्यांना सुरुवातीला वाईट वाटलं, मग ती जिंकायला लागली आणि वाटायचं थांबलं.

वर्गात वस्तादांशी वाद घालायची हिंमत एकाच व्यक्तीत होती. वाईची संयोगिता, प्रशिक्षणाचा कोर्स करून आलेली, वस्तादांच्या हाताखाली शिकवणारी.

"वस्ताद, लागलं तर आधी समोरचीला धरायचं. मिठी मारायची, दम घ्यायचा. नाहीच धरता आलं, तर तिच्या जोराच्या हातापासून लांब सरकायचं. आणि पायातच जीव उरला नसेल तर सरळ गुडघा टेकायचा. रेफ्री आठपर्यंत मोजतो. तेवढ्यात डोकं जागेवर येतं. नाही आलं, तर उठायचंच नाही."

"आन गावात काय सांगायचं? जयराजची पोरगी टेकली?"

"टेकली आणि उठली, असं सांगायचं."

"कुस्तीच्या फडात गडी खाली गेला की लोकं चपला शोधाय लागत्यात, संयोगिता. उठल्याला कोण बगतंय?"

संयोगिता पुढच्या पोराचे ग्लोव्हज बांधायला वळायची. साक्षी कोपऱ्यात दोरीच्या उड्या मारत हे ऐकायची, आणि तिला वस्तादांचं पटायचं.

साताऱ्याला मुलींच्या विभागीय स्पर्धा होत्या. उपांत्य लढत दुपारी, अंतिम दुसऱ्या दिवशी सकाळी. अंतिम जिंकली की राज्याच्या संघात. गावातून एक जीप भरून माणसं आली होती. जयराजांनी त्या दिवसाची तोडणी भावावर सोडली होती.

उपांत्य लढतीच्या दुसऱ्या फेरीच्या मध्यावर समोरच्या, निळ्या कोपऱ्यातल्या मुलीचा उजवा हात साक्षीच्या कानशिलावर बसला. आवाज वेगळाच आला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा. साक्षीचा डावा पाय नसलेली पायरी शोधत खाली गेल्यासारखा झाला.

"धर तिला, साक्षी. धर," संयोगिता ओरडली.

"उबी ऱ्हा पोरी," वस्ताद म्हणाले.

साक्षी उभी राहिली. नुसती उभी राहिली नाही, पुढं घुसली. जीपवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.

फेरी संपून ती स्टुलावर बसली. वस्तादांनी तोंडावर पाणी मारलं.

"लागलं का?"

"न्हाई लागलं."

"आता कितवी फेरी हाय?" संयोगितानं विचारलं.

"न्हाई लागलं."

"साक्षी, मी फेरी विचारते."

"न्हाई लागलं."

संयोगितानं वस्तादांकडं पाहिलं. वस्ताद हसले. "जिद्द हाय गं. ऱ्हाऊ दे."

तिसरी फेरी संपली आणि साक्षी गुणांवर जिंकली. रेफ्रीनं तिचा हात वर केला, जयराजांनी तिला उचलून घेतलं, कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स फोडला. रिंगजवळच्या टेबलापाशी डॉक्टर अबोली आपटे बसल्या होत्या. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, डोकं दुखतंय का विचारलं, चक्कर येते का विचारलं. साक्षी दोन्हीला नाही म्हणाली. उद्या खेळायला हरकत नाही, अशा कागदावर सही झाली.

पाऊण तास गेला. वस्ताद आणि जयराज भिंतीला टेकून चहा पीत होते. साक्षी बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होती. मघाशी सोडलेलीच पट्टी.

"उद्याची तयारी आजच व्हय गं?" जयराजांनी विचारलं.

"उद्याची कशाला?" तिनं वर पाहिलं. "वस्ताद, आपलं नाव कवा पुकारणार? लय उशीर लावलाय ह्यांनी."

जयराज हसले. "बगा, बापाची थट्टा करती."

"थट्टा न्हाई पप्पा. भूक लागलीया, पर खाऊन खेळता येत न्हाई म्हणून बसलेय."

तिच्या ओठाच्या कोपऱ्याला पेढ्याचा कण होता.

संयोगिता तिच्यापुढं उकिडवी बसली. "साक्षी, तू आत्ता कुणाशी खेळलीस?"

साक्षीनं वडिलांकडं पाहिलं, मग वस्तादांकडं, परीक्षेत शेजारच्या वहीत बघावं तसं. "खेळले?" ती म्हणाली. आणि घाईघाईनं, पाठ केलेलं उत्तर द्यावं तसं, "न्हाई लागलं."

वस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला.   ते बाकावर साक्षीशेजारी बसले आणि तिच्या तोंडाकडं बघत तिच्या हातावरची पट्टी सोडू लागले. "वस्ताद, आवं वस्ताद," जयराज म्हणाले.

"उद्या ही खेळणार न्हाई."

"म्हंजे?"

"डॉक्टरीणबाईला सांगतो. नाव काडायचं."

"आवं, डॉक्टरीणबाईनं सही केलीया. पोरगी उबी हाय की. जरा गडबडलीया, झोपली की हुईल ताजी. राज्याच्या दारात आणून माघारी न्यायची? गावात तोंड कुठं दाखवू?"

"जयराज, दुसरा ठोसा बसला तर माघारी न्यायला पोरगी ऱ्हायची न्हाई."

"तुमी सोत्ता न्हाई का खेळला? जबडा हालला तरी तिसऱ्या फेरीत झोपिवला न्हाई का? आता पोरीच्या टायमालाच म्हातारे झाला व्हय?"

जीपवाले जवळ आले होते. नाथाजींनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं.

"त्यो गडी म्या झोपिवला, ते मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"काय ठावं न्हाई?"

"हातात ग्लोव्हज घातलं, तेवढं ठावं हाय. त्येच्याफुडं सांजच्याला पलटणीच्या लंगरमधी खीर खात हुतो. मधलं काय बी न्हाई. मीबी आसंच इचारलं हुतं गड्यांना, माजी फाईट कवा हाय म्हणून. ते पोटं धरून हासली. मंग त्येंनी सांगिटलं, आसा बसला, तसा झोपिवला. त्येंनी सांगिटलं तेच मी सांगतोय."

"पस्तीस वरीस?"

"पस्तीस वरीस."

 हॉलमध्ये पुढच्या लढतीची घंटा झाली.

"चार म्हैनं डोकं ठणकत हुतं," वस्ताद हळू म्हणाले. "कुणाला सांगायचं? गडी जिकल्याला. आता बायकू, शकुंतला, खिशात चिठ्ठ्या घालून देती, बाजारात कशाला चाललोय ते ध्यानात ऱ्हात न्हाई म्हणून. मी म्हणायचो, वय झालं. वयाचं न्हाई ते, जयराज. मला हितं, ह्या पोरीच्या तोंडाकडं बगून आता कळालं."

जयराज खाली बसले. मैदानात कधी न बसलेला माणूस, हॉलच्या फरशीवर, मुलीच्या पायाशी. "साक्षे," त्यांनी विचारलं, "सकाळी आपण कशातनं आलो?"

ती विचार करत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखल्याचं नव्हतं. आठवत नाही, याचं होतं.

वस्ताद टेबलापाशी गेले तेव्हा डॉ. अबोली पुढच्या मुलीचा रक्तदाब घेत होत्या. ऐकून त्या उठल्याच. "अहो, मी विचारलं होतं. डोकं दुखतं का, चक्कर येते का. स्पष्ट नाही म्हणाली ती."

"तिला म्याच तसं शिकिवलंय," नाथाजी म्हणाले. "माज्या सगळ्या पोरास्नी."

 डॉक्टरांनी सहीचा कागद ओढून त्यावर आडवी रेघ मारली आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला हाक दिली. टेबल दुसऱ्या डॉक्टरांवर सोपवून त्या स्वतःही सोबत गेल्या.

दवाखान्यात पोचेपर्यंत साक्षी दोनदा ओकली. वाटेत तिनं तीनदा विचारलं, "मी हरले का?" आणि तीनही वेळा संयोगितानं सांगितलं, "जिंकलीस." स्कॅन झालं. कॉरिडॉरमध्ये जयराज भिंतीकडं तोंड करून उभे होते. संध्याकाळी रिपोर्ट आला. आत रक्तस्राव नव्हता. रात्रभर नजरेखाली ठेवायचं, महिनाभर ग्लोव्हज नाहीत, पुढचं नंतर बघू.

साक्षी आता बरीच भानावर आली होती. स्पर्धेतून आपलं नाव कुणी काढलं ते तिला कळलं, तेव्हा तिनं वस्तादांकडं पाठ केली.

"राज्याचं गेलं," ती भिंतीला म्हणाली. "तुमी घालिवलं."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "म्या घालिवलं."

तेवढ्यावर ते उठून निघाले असते, पण डॉ. अबोलींनी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा काका. हॉलमधली गोष्ट मला संयोगितानं सांगितली. चिठ्ठ्यांचीसुद्धा. तुमचं डोकं कुणी तपासलंय कधी?"

"माजं कशाला? मला काय धाड भरलीया?"

"एक प्रश्न विचारते, मग जा. आज कोणता महिना आहे?"

नाथाजी हसले. मग हसणं ओठांवरच राहिलं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, बाहेरच्या झाडाकडं, जणू पानांवरून सांगता येईल. त्यांचा हात खिशाकडं गेला आणि खिशावरच थांबला. जयराज मागं वळले. संयोगितानं मान खाली घातली.

कॉटवर साक्षीनं कूस बदलली. तिची पाठ आता भिंतीकडं होती.

"वस्ताद," ती म्हणाली. राग होता, पण आवाज बारीक झाला होता. "त्येंनी इचारलंय ते खरं सांगा."

नाथाजींनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले.

"ध्यानात न्हाई, बाई," ते डॉक्टरांना म्हणाले. "सकाळपासनं दोनदा शकुंतलेला फोन करून ह्येच इचारलंय."