नवसूची डोली

नवसूचं पोस्टिंग माझ्या प्लॅटूनमध्ये झालं तेव्हा आम्ही उत्तरेला एका उंच पोस्टवर होतो. मी नायब सुभेदार, जव्हारच्या बाजारपेठेत वाढलेला. तो लान्स नाईक, मोखाड्याकडचा, खोडाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्याचा. त्या पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर लोक फोटो काढायला जातील. पूल बांधायला कोणी जाणार नाही.

त्याच्या पाड्यात लावणी सगळे मिळून करतात. आज एका घरचं भात, उद्या दुसऱ्या घरची नागली, आणि प्रत्येक घरातून एक माणूस. पोरं ज्या घरी भाकरी आधी होईल तिथे जेवतात. नवसू असाच वाढला. पोस्टवरही कोणाची ड्यूटी, कोणाचं काम, हा हिशोब त्याच्या डोक्यात शिरत नसे. दुसऱ्याचं पाणी भरून आणायचा आणि वर विचारायचा, "का साहेब, चुकलं काय?"

दर सुट्टीत तो पाड्यावर वर्ग भरवायचा. मुलांना वाचायला शिकवायचा, बायांना मीठ-साखरेचं पाणी करायला, आणि सगळ्यांना डोली वाहायला. पाड्याकडे गाडीचा रस्ता नाही. मधे ओढा, त्यावर पूल नाही. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची आणि डांबरी सडकेपर्यंत न्यायचं. त्याची वहिनी बाळंतपणात अशीच निघाली होती. खांदेकरी दमले. दोनदा डोली खाली ठेवली. ती सडकेपर्यंत पोचली नाही.

"ओढ्यानं नाय मारली, साहेब," तो मला म्हणाला होता. "थांबण्यानं मारली."

म्हणून त्यानं आमची स्ट्रेचर ड्रिल पाड्याला शिकवली. बदली माणूस बाजूने चालतो. 'बदल' म्हटलं की तो खांदा आत सरकवतो, दमलेला बाहेर पडतो. डोली थांबत नाही, टेकत नाही. बायकांनाही शिकवली, कारण पुरुष निम्मं वर्ष ठाण्या-मुंबईला मजुरीवर असतात. मला तेव्हा हसू आलं होतं. पूल मागायचा सोडून हा खांदे कसले बदलतोय? पूल मागून त्यांची एक पिढी म्हातारी झाली होती, हे मला नंतर कळलं.

मग एके दिवशी आम्ही पॅट्रोलवर, गस्तीवर निघालो. सकाळी नाल्यापाशी फायर आला आणि एका जवानाला मांडीत गोळी लागली. मी रेडिओवर मागितलं, "वन कॅज्युअल्टी. इव्हॅकला हेलिकॉप्टर पाठवा." उत्तर आलं, "वेदर खराब. खाली आणा. ओव्हर." उघड्या उतारावरून स्ट्रेचर उतरवायचं होतं. पुढचा जवान दमला. नवसूची पाळी नव्हती. तो बाजूने आला, "बदल" म्हणाला आणि खांदा आत घातला. काही पावलं गेल्यावर दुसरा फायर आला. गोळी त्याला लागली. पडताना तो गुडघ्यांवर बसला. स्ट्रेचर तिरकं झालं, पण जमिनीला लागलं नाही. मागच्यांनी ते धरलं. तो जखमी जवान आज जिवंत आहे. नवसू तिथेच गेला.

पार्थिव घेऊन मीच आलो. सडकेच्या कडेला मांडव होता, खुर्च्या होत्या, माइक होता. एक अधिकारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "ओढ्याला पाणी आहे. मान्यवरांना पलीकडे नेता येणार नाही. इथेच उरकून घेऊ."

'उरकून' हा शब्द ऐकून माझी कानशिलं तापली. नवसूची आई पेटीपाशी उभी होती. ती रडत नव्हती.

"त्याला घर दाखवा," ती म्हणाली. "मंग काय करायचा ते करा."

मी माझ्या जवानांना पेटी उचलायला सांगितलं. तेवढ्यात जानकी पुढे आली. नवसूच्या वर्गातली पहिली विद्यार्थिनी, दोन लेकरांची आई.

"साहेब, तुमी बाजूला व्हा. वाट आमाला ठावं हाय."

प्रत्येक घरातून एक माणूस आला, लावणीला येतो तसा. ओढ्यात पाणी कमरेला लागत होतं. जानकी "बदल" म्हणायची आणि खांदे सरकायचे. सडकेपासून घराच्या ओट्यापर्यंत पेटी कुठेही टेकली नाही. मान्यवर अलीकडच्या काठावर खुर्च्यांत बसून राहिले. सलामी आम्ही पलीकडे दिली. नवसूनं जे जिवंत माणसांसाठी शिकवलं, ते पाड्यातल्या लोकांना करताना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्याच पेटीखाली. याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

त्यानंतर सरकारी काम झालं. पूल नाही, कमान. सडकेवर सिमेंटची कमान, वर नवसूचं नाव, रंगीत दिवे. उद्घाटनाला मला भाषण करायला बोलावलं. मी माइकवर एवढंच विचारलं, की या सिमेंटमध्ये ओढ्यावर काय झालं असतं? माइक बंद झाला. तेव्हापासून मला बोलावत नाहीत. मी रिटायर झालो, जव्हारला राहतो. शिरपामाळ हे ऐतिहासिक ठिकाण बघायला आलेले पाहुणे मला रस्ता विचारतात. रस्त्याचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. पाहुण्यांचा त्यात काय दोष? पण फिरतं.

यंदा पावसाळ्यात, जराशी उघडीप असताना, जानकीचा फोन आला. नवसूची आई तापाने बेशुद्ध होती. मी जीप घेऊन कमानीखाली थांबलो. ओढ्याकडून डोली येताना दिसली. पुढे जानकी होती, सगळे कमरेपर्यंत भिजलेले, डोली मात्र कोरडी. चढावर पुढचा माणूस दमला. मी चपला काढून खाली गेलो आणि बाजूने चालू लागलो.

जानकीनं माझ्याकडे पाहिलं. या वेळी तिनं मला बाजूला व्हा म्हटलं नाही.

"बदल," ती म्हणाली. मी खांदा आत घातला. नवसूच्या नावाखालून आम्ही त्याच्या आईला नेलं, आणि वर कोणी पाहिलं नाही.

आई वाचली. पूल अजून नाही.