जनरेटर आणि थाळीभर पाणी

माझं तोंड वाईट आहे. हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या झाई गावात कुणालाही विचारलंत तरी तो हेच सांगेल आणि वर दोन-चार किस्से फुकट ऐकवेल. मासे विकणाऱ्या बाईचं तोंड गोड असून चालत नाही, असं मी म्हणते. नवरा म्हणायचा, ‘तुझं बाजारातून घरी आलं तरी बंद होत नाही, त्याचं काय?’

त्याला गेल्या हिवाळ्यात लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. इतकी वर्षं स्वतः तांडेल होऊन त्याने बोट हाकली, ती एका रात्रीत माझ्या गळ्यात आली. उरलेला मोसम ती खाडीत उभीच राहिली. गिऱ्हाइकाला गप्प करणं मला जमतं, बोट सांभाळणं ही निराळी गोष्ट. तांडेल म्हणून पुतण्याला घेतलं. चार खलाशी जुनेच, तलासरीच्या पलीकडे डोंगरातल्या एकाच पाड्यावरचे. घरची भातलावणी आटोपली की ते खाली समुद्रावर येतात. त्यांतला सगळ्यांत मोठा पन्नाशी ओलांडलेला. बोटीवर तोच स्वयंपाक करतो. बोलतो एवढं कमी की मला कधीकधी त्याचाच राग यायचा.

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली, पूजा झाली, नारळ वाहिला. गावातल्या बोटी निघाल्या आणि आमची मात्र खाडीत बसून. माझ्या हातात आल्यानंतरची ही तिची पहिली फेरी, आणि जनरेटर चालू होईना.

जनरेटर म्हणजे काही मोठं धूड नव्हे. पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा, केबिनच्या मागे लाकडी चौकटीवर बोल्टने आवळलेला. पण दिवे त्याच्यावर, वायरलेस त्याच्यावर. पुतण्याने सरळ सांगितलं, “काकी, दिवे आणि वायरलेस नसताना मी चार माणसांचा जीव घेऊन बाहेर पडणार नाही.” बरोबरच बोलत होता, म्हणून तर मला जास्त राग आला.

दुपारच्या भरतीला दुसरी एक बोट निघणार होती आणि तिला माणसं कमी पडत होती. तिचा तांडेल सकाळपासून काठावर घिरट्या घालत होता, आमच्या चौघांवर नजर ठेवून. हे चार गेले की या मोसमात दुसरे मिळणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. खाडीच्या तोंडाशी माणसांवाचून अशा दोन बोटी पडून आहेत, फळ्या सुटलेल्या, कुत्री सावलीला बसतात तिथे. आमच्या ओटीवरून खाडी दिसते. नवऱ्याने रोज खुर्चीत बसून आपली बोट सडताना बघायची का? मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आदल्या दुपारी भरतीला हाच जनरेटर दोन हिसक्यांत सुरू झाला होता. आज सकाळी मात्र दोरी ओढून पुतण्याचे खांदे निघायची वेळ आली तरी हूं नाही की चूं नाही.

मी गावातल्या मिस्त्रीला बोलावून आणलं. आमच्या खाडीत दुरुस्तीची सगळी कामं ओहोटीलाच होतात. पाणी गेलं की बोट चिखलात एका कुशीवर कलंडते, मग गुडघाभर चिखलातून चालत तिच्यापर्यंत जाता येतं. तिरक्या फळ्यांवर चढणं, तिरकं बसून जाळी शिवणं, तिरकं बसून चहा पिणं हे आम्हाला लहानपणापासून सवयीचं. त्यात काही वेगळं आहे हे आमच्या लक्षातही येत नाही.

मिस्त्रीचं काम बघत बसावं असं. एकेक स्क्रू काढून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचा, ज्या क्रमाने काढला त्याच क्रमाने. आधी पेट्रोल बदललं. मग फिल्टर बघितला. कार्बुरेटर सोडून, फुंकून, ब्रशने घासून परत बसवला. प्लग काढला, पॉलिशपेपरने घासला, लोखंडाला टेकवून दोरी ओढायला लावली. ठिणगी नाही. खिशातून नवा प्लग काढला. तरी ठिणगी नाही. ऑइलचं झाकण उघडलं तर ऑइल काठोकाठ, त्याच्या बोटांवरच आलं.

“ऑइल तर फुल आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात स्वयंपाकी चुलीपासून उठून आला, दोन पावलांवर उभा राहिला आणि म्हणाला, “बाय, हा वाकडा बसलाय.”

माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, “वा! नाचता येईना अंगण वाकडं! तू आपला भात बघ, करपेल.”

सगळे हसले, मिस्त्रीसुद्धा. स्वयंपाकी गेला आणि भाताखालचा जाळ कमी केला. मला त्याक्षणी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कुणावर तरी राग निघाला होता.

मिस्त्रीने हात पुसले. “कॉइल गेली. आमच्याकडे नाही, डहाणू रोडला मिळेल याची खात्री नाही. वापीला जावं लागेल.” वापीला जायचं, यायचं, बसवायचं, म्हणजे ही भरती गेली. काठावरच्या त्या तांडेलाला बसल्या जागी वास आला जणू. त्याने हात वर करून आमच्या खलाशांना खूण केली. चौघे एकत्र झाले आणि आपल्या बोलीत काहीतरी कुजबुजले. गेले हे, मी मनात म्हटलं. मी तोंड फिरवून खाडीकडे बघत राहिले.

परत वळले तर स्वयंपाकी जनरेटरपाशी उकिडवा बसलेला. हातात जेवायची स्टीलची थाळी. त्याने ती जनरेटरच्या डोक्यावर ठेवली आणि लोट्याने पाणी ओतलं. पाणी सगळं एका काठाला धावलं आणि मिस्त्रीच्या मांडीवर सांडलं.

“अरे!” मिस्त्री ओरडला.

“आमच्याकडे शेताला पाणी द्यायचा असलाच पेट्रोलवरचा पंप उतारावर लावायला लागतो,” स्वयंपाकी म्हणाला. एवढं लांबलचक वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. “ओढ्याकाठी सपाट जागा कुठली? पहिलं थाळीत पाणी बघायचं. खाली दगड लावायचे. पाणी सरळ राहिलं की मग दोरी ओढायची. नाही तर ऑइल एका बाजूला पळतं. त्याला वाटतं ऑइल संपलं. मग तो पेटतच नाही.”

मिस्त्रीने थाळीकडे बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. “सेन्सर! देवा रे, ह्या नव्याला सेन्सर आहे!” मग आम्हाला समजावून सांगितलं. जुन्या जनरेटरला ती भानगड नव्हती. हा नवीन, नवऱ्याने आजारी पडायच्या आधी घेतलेला. ऑइल कमी झालं तर इंजिन जळू नये म्हणून आतला सेन्सर ठिणगीच तोडतो. बोट कलंडलेली, ऑइलचं झाकण खालच्या बाजूला, म्हणून तिथे बघावं तर ऑइल काठोकाठ. सेन्सर वरच्या बाजूला, तिथे कोरडं. आम्ही समुद्राकाठची माणसं. बोट पाण्यात आपोआप सरळ होते, म्हणून सरळ-वाकड्याचा विचार आम्ही करतच नाही. डोंगरातल्या माणसाला मात्र प्रत्येक गोष्ट सरळ करून घ्यावी लागते.

बोल्ट काढले. चौघांनी जनरेटर उचलला. खालच्या बाजूला लाकडाच्या फळ्या, त्यावर जुन्या जाळीची घडी. स्वयंपाकी पालथा झोपला, गाल फळीला टेकवून, एक डोळा मिटून थाळीचा काठ बघत होता. “थोडं अजून. अजून. आता इकडे. बस्स.” पाणी चारी बाजूंनी सारखं झालं. असं मन लावून काम करणारा माणूस मी बघितला नव्हता, आणि तो गेले तीन मोसम आमच्याच बोटीवर भात रांधत होता.

मग तो उठला आणि दोरी मिस्त्रीच्या हातात दिली. “तुम्ही ओढा.”

मी असते तर स्वतः ओढली असती, आणि सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं चार शब्द बोलले असते. पहिल्या हिसक्याला काही नाही. दुसऱ्याला खोकला. तिसऱ्याला जनरेटर धडधडू लागला आणि केबिनमधला बल्ब भर दिवसा पेटला. पुतण्याने शिट्टी मारली. मिस्त्रीने स्वयंपाक्याला नमस्कार केला, अगदी दोन हात जोडून. मस्करी नव्हती ती. पंचक्रोशीतली इंजिनं ज्याच्या हाताखालून गेलीत, त्याने असा हात जोडणं मला फार मोठं वाटलं.

भरती आली. बोट हळूहळू उठली, सरळ झाली, खालच्या फळ्या काढून टाकल्या, बोल्ट परत आवळले. बर्फ चढला, पाणी चढलं. मी होडीतून शेवटचं सामान पोचवायला गेले तेव्हा पुतण्याला विचारलं, ती दुसरी बोट कुठल्या माणसांना घेऊन गेली?

“आपल्या ह्यांना सकाळीच विचारलं होतं त्यांनी,” तो म्हणाला. “स्वयंपाक्याने तिथल्या तिथे नाही म्हणून सांगितलं. त्याच्या शब्दाबाहेर बाकीचे तिघे जातात होय? खूण केली तेव्हाही तेच बोलत होते ते. भरतीला बोट सरळ झाली की जनरेटर आपोआप चालू होतो, थांबा, असं त्याने त्यांना सांगितलं. मला मागाहून कळलं.”

मी तशीच स्वयंपाक्यापाशी गेले. तो तांदळाची गोणी कोरड्या जागी सरकवत होता.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हटलं. “भरतीला आपोआप चालू होणार होतं. माणसंही तू थांबवली होतीस. मी तुला सगळ्यांदेखत हसले. मग हा एवढा खटाटोप कशाला केलास?”

त्याने गोणी ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, समुद्राकडे बघितलं.

“तुम्ही रडत होता ना, बाय.”

खाडीकडे तोंड फिरवून मी काय करत होते, ते मी वर लिहिलेलं नाही. लाज वाटली. कुणाला दिसलं नाही, अशीच माझी समजूत होती. माझं एवढं मोठं तोंड मी पदराने पुसलं. मी नुसती मान हलवली आणि होडीत उतरले.