शिळ्या पाण्याचा जांब

आमच्या संभाजीनगरात नळाला पाणी यायची सकाळ म्हणजे घरोघर धांदल. कालपर्यंत वाटीवाटीनं पुरवलेलं पाणी त्या दिवशी एकाएकी शिळं ठरतं आणि पिंपं रिकामी करायची घाई होते. आमच्या चिकलठाण्याच्या घरात हे सगळं शिळं पाणी जांबाला जायचं.

जांब म्हणजे पेरू. वैजापूरहून, माझ्या माहेरून आणलेलं बुटक्या जातीचं कलम. माझ्या खांद्याला लागेल एवढंच, पण पानांनी गच्च. फळाचं मात्र नाव नाही. फूलसुद्धा नाही.

त्यात यांनी गाडी घेतली. ती गल्लीत उभी राहायची आणि अंगणातली जागा झाडानं अडवलेली. "दिवाळीपर्यंत एक तरी फळ दिसू दे, नाहीतर झाड काढून फरशी टाकतो," यांनी जाहीर केलं. मला भयंकर राग आला. माझ्या माहेरचं असं या घरात ते एकच झाड होतं आणि ते मला हवंच होतं.

मी भावाला फोन लावला. त्याची जांबाची बाग आहे. पाणी किती देता, त्यानं विचारलं. मी कौतुकानं सांगितलं, मी देते, सासूबाई देतात, शेजारच्या आपासुद्धा भिंतीवरून बादली ओततात. तो हसतच सुटला.

"आक्का, लई लाडावलंय ते. सुखात हाय, मग फळ कशाला धरंल? उन्हाळ्यात पाणी तोड. ताण बसू दे त्याला."

मी घरात फर्मान काढलं. सासूबाई शिळ्या पाण्यानं अंगण धुऊ लागल्या. आपांना पटेना. "पाणी असून झाडाला नाय द्यायचं? लई गुनाह वाटतो, भाभी," म्हणाल्या, पण थांबल्या.

तरी नळ येऊन गेला की बुंध्याशी माती ओली. माझा संशय सरळ आपांवर. मी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले. मग एकदा नळाच्या सकाळी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत दबा धरून बसले. मागचं दार हळूच उघडलं. बादली घेऊन बाहेर आले ते हेच.

"अहो, तुम्ही?"

हे दचकले. बादली खाली ठेवून म्हणाले, "तोडायचं असलं म्हणून काय तहानलेलं ठेवायचं?"

मला हसू आवरेना. फरशीवरून धरलेला राग तिथंच विरला. मी यांना ताणाचं सगळं समजावलं आणि बादली काढून घेतली.

पुढं झाडानं पानं टाकली तेव्हा माझंच धाबं दणाणलं. पण आखाडात नव्या फुटीवर कळ्या आल्या आणि दिवाळीला फांद्यांवर हिरवे, टणक जांब लटकत होते. थंडीत पहिला पिकला तो तिखटमीठ लावून आपांना नेऊन दिला. संशयाचं मात्र काही बोलले नाही.

"मग फरशी कधी टाकताय?" मी यांना विचारलं.

"गाडी बाहेरच बरी," हे गंभीरपणे म्हणाले. "झाडाला खेटून लावली तर पिकलेले जांब बॉनेटवर पडतील. डाग निघत नाहीत."

एवढं बोलून हे शिळ्या पाण्याची बादली घेऊन झाडाकडं गेले. आता यांना परवानगी होती.