चांगलं तेल

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये इंजिन ऑइल तापलेल्या प्लेटवर उडवतात आणि मागे किती जळका थर चिकटतो ते बघतात. सासऱ्यांचा उजनीकाठचा पाणी उपसायचा डिझेल पंप जाम झाला, म्हणून त्यातलं तेल मीच तपासायला घेतलं. प्लेट तापली आणि लॅबभर भजी तळल्याचा वास सुटला. मी हबकलेच. थर लाखेसारखा घट्ट बसलेला. खरवडताना पातं वाकलं, तो हलला नाही. तिथूनच सासऱ्यांना फोन लावला.

“मामा, इंजिनात काय ओतलंत?”

“तूच म्हणलीस की, चांगलं तेल घाला. करडईचं घातलं.”

“करडईचं?” मी पुन्हा विचारलं. त्यांना वाटलं, मला भेसळीची शंका आली.

“लाकडी घाण्याचं हाय,” ते दुखावून म्हणाले. “तुमाला सोलापूरला धाडतो, त्याच डब्यातलं.”