शिंगीचे दुधाचे दात

घोडीच्या तरण्या पिल्लाला, मादी असेल तर, आमच्याकडे शिंगी म्हणतात. सोनपेठकडच्या आमच्या गावात, माझ्या परकर नेसायच्या वयात, आमच्या घोडीला अशी एक शिंगी झाली. तिच्याइतकी ओढ मला पुढे फार थोड्या माणसांची वाटली, हे माझ्या सासरच्यांनी ऐकलं तरी हरकत नाही.

तेव्हा सडक अशी नव्हतीच. निजामाच्या कचेरीचा माणूस यायचा तोही घोड्यावर, आणि पावसाळ्यात काळ्या चिखलामुळे यायचाच नाही. त्याचं कुणाला फारसं दुःख नसे. वडीलही घोडीवरूनच शेतं बघायला जात.

शिंगी लालसर होती. माझ्या ओच्यातले हरभरे खायची आणि ते संपले की ओचाच चावायची. मला हिच्यावर बसू द्या म्हणून मी वडिलांचं डोकं खायचे. ते तिचा ओठ वर करून बारके दात दाखवत. "हे दुधाचे हायती, माय. पाठ लय कवळी हाय अजून. हे पडू दे, मग पयली तूच बस. गंगेपर्यंत जा."

गंगा म्हणजे आमची गोदावरी. मी रोज सकाळी शिंगीचे दात बघू लागले. तिला तो खेळच वाटायचा. मी दिसले की आपणहून तोंड पुढे करायची.

त्यातच थोरल्या भावाचं लग्न निघालं आणि ऐन वेळी घोडीच्या खुरात काटा मोडला. नवरदेवानं मारुतीच्या पाराला जायचं ते घोड्यावर, पुढ्यात करवलीला घेऊन, अशी आमच्याकडची रीत. घरी जनावर असताना दुसऱ्याचं मागणं कमीपणाचं. शिंगीला सजवून नुसतं पुढे चालवायचं, भावानं पायी जायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. पण भर मांडवात, व्याह्यांसमोर मामांनी डिवचलंच, "दाजी, दारात घोडी बांधता अन् नवरदेव पायी न्यायलाव व्हय?"

वडिलांना सगळं कळत होतं, म्हणून तर मला अजून राग येतो. मग म्हणाले, "पारापर्यंतच. तिथं उतरायचं."

आधी मला, करवलीला, उचलून तिच्यावर ठेवलं. मग मला पुढ्यात घेऊन भाऊ बसला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? हलगी वाजत होती, माझे हात तिच्या आयाळीत होते. थोड्या वेळानं तिची पाठ माझ्याखाली थरथरायला लागली. "दादा, उतर ना," मी म्हटलं. हलगीत त्याला ऐकू गेलं नाही. पारावर कुणी उतरू दिलं नाही. मामांनी मिरवणूक गावभर फिरवली. शिंगी बिचकली नाही, बसली नाही, शेवटपर्यंत चालली. तिनं आम्हाला पाडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिचे पुढचे गुडघे सुजले होते. पाठीला हात लावू देईना. वडील कितीतरी दिवस स्वतः हळदीचा लेप लावत राहिले. सूज उतरली, लंगडणं राहिलं. आता हिच्यावर कुणी बसायचं नाही, एवढंच ते घरात बोलले.

पुढच्या साली एका सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि शिंगीचा ओठ वर केला. पुढचे दात पडले होते, तिथं मोठे दात डोकावत होते. त्यांनी खोगीर चढवलं नाही. नुसता दोर धरला आणि आम्ही तिघं नदीकडे निघालो, शिंगीच्या चालीनं, मध्ये मध्ये थांबत. वाळूत पोचल्यावर ती पाणी प्यायली. वडील तिच्या पाठीवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभे होते.

"लग्नात पयली तूच बसलीस, माय," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. मला अजूनही तिच्यावर बसायचं आहे.