मंगळवारची जेवणाची सुट्टी

अश्विनी रोज सकाळच्या बसनं सौंसरहून पांढुर्ण्याला येते. नत्थूजींच्या संत्रा पॅकिंगच्या कारखान्यातले कॉम्प्युटर ती सांभाळते. पट्ट्यावरून फळं सरकतात, कॅमेरा त्यांचा आकार नि रंग टिपतो आणि कोणतं फळ कोणत्या क्रेटमध्ये जाईल ते लिनक्सचा एक कॉम्प्युटर ठरवतो.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून घोटाळा झाला. ऐन आंबिया बहाराच्या, म्हणजे संत्र्याच्या मोठ्या हंगामाच्या तोडणीत, भर दुपारी तिनं साचलेले सगळे अपडेट एकदम टाकले. नवं कर्नल, म्हणजे त्या यंत्रणेचा गाभा, कॅमेऱ्याला ओळखेना. चार तास पट्टा बंद आणि बाहेर गाड्यांची रांग. नत्थूजी ओरडले नाहीत. चालत्या मशीनला यापुढे हात लावायचा नाही, एवढंच बोलले. अश्विनीनं ते मनाला लावून घेतलं. पुढं चौदा महिने तिनं एकही अपडेट टाकलं नाही.

मग पुढच्या बहारात सूचना आली. कर्नलमध्ये एक भोक सापडलं होतं आणि चोर त्यातून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरूही लागले होते. तिला डबा गोड लागेना. शेवटी ती नत्थूजींकडे गेली.

"काकाजी, अपडेटसाठी दहा मिनिटं पट्टा बंद ठेवा लागते."

"सीझन होऊ दे न. मागच्या खेपेचं विसरली काय?"

"नाही विसरली. म्हणूनच दोन दिवसांपासून पडून असलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकून पाहून राहिली. अन् बिघडलंच तर आताचं कर्नल ठेवलं आहे, त्याच्यावर परत येता येते."

नत्थूजींनी चष्मा पुसला आणि मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कर म्हणाले.

मंगळवारी नव्या कर्नलला कॅमेरा पुन्हा दिसेना. जुन्या कॉम्प्युटरला कॅमेरा जोडून पाहायचा राहिला होता. पण सहा मिनिटांत तिनं आधीचं कर्नल चालू केलं. सुट्टी संपायच्या आत पट्टा फिरू लागला. तोवर चोर शिरू नयेत म्हणून मशीनची इंटरनेटची वायर तिनं काढून ठेवली, कॅमेरावाल्यांशी फोनवर बोलून नवा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलला कॅमेरा ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, मागवला आणि गुरुवारी काम पुरं केलं.

तेव्हापासून सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या दर मंगळवारी, कर्नल महिन्यातून एकदा, आणि तातडीचं असलं तर दोन दिवसांच्या आत. पण आधी जुन्या कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासकट.

गेल्या महिन्यात ती बहिणीच्या लग्नाला गेली होती. मंगळवारी दुपारी नत्थूजींचा फोन आला, आज तुझं ते राहिलं म्हणून. या हप्त्यात घाईचं काही नाही, पुढच्या मंगळवारी करू, असं सांगून ती पंगतीत वाढायला गेली.